केट रझ्बी यांची नाताळ मैफल: दक्षिण यॉर्कशरच्या पबमधली गाणी रंगमंचावर

इंग्लंडमध्ये डिसेंबर लागला की लोकसंगीत गाणारे अनेक छोटे वाद्यवृंद गिटार, फिडल आणि अकॉर्डियन घेऊन नाताळच्या मैफलींसाठी शहरोशहरी फिरू लागतात. त्यांतल्या काही मैफलींमध्ये नेहमीच्याच कार्यक्रमाला दोन-चार नाताळगीते जोडलेली असतात, तर काहींच्या मागे एखाद्या प्रदेशाची दीर्घ गायनपरंपरा उभी असते. इंग्रजी लोकगायिका केट रझ्बी यांचा दरवर्षीचा नाताळ दौरा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि इथे राहणाऱ्या किंवा हिवाळ्यात इथे येणाऱ्या मराठी रसिकांनी तो एकदा तरी ऐकावा, असे मला मनापासून वाटते. हे मत केवळ मैफलीवरून बनलेले नाही. त्यांचे नाताळ अल्बम आणि ही गाणी ज्या गावांतून आली तिथले गायन, या दोन्ही गोष्टी सोबत ठेवूनच या मैफलीचे मोल ठरवता येते.

रझ्बी या दक्षिण यॉर्कशरमधील बार्न्सलीजवळच्या पेनिस्टन परिसरातल्या. त्यांचा जन्म १९७३ सालचा. १९९९ मध्ये आलेल्या ‘स्लीपलेस’ या अल्बमला प्रतिष्ठेच्या मर्क्युरी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले आणि लोकसंगीताच्या वर्तुळाबाहेरही त्यांचे नाव झाले. त्यांचे ध्वनिमुद्रण ‘प्युअर रेकॉर्ड्स’ ही त्यांच्या कुटुंबाचीच संस्था करते. नाताळच्या मैफलींची गोष्ट मात्र या कारकिर्दीच्या बरीच आधी सुरू होते, कारण लहानपणी आईवडील शेजारच्या गावांतल्या पबमध्ये कॅरल, म्हणजे पारंपरिक नाताळगीते, गायला जात, तेव्हा बाजूच्या खोलीत बसून रझ्बी भावंडांच्या कानांवर ही गाणी पडत असत. ही आठवण केट मुलाखतींतही सांगतात आणि रंगमंचावरही सांगतात. मैफलीतली बरीचशी गाणी याच ठेव्यातून आलेली आहेत.

या ठेव्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो माहीत नसेल तर मैफलीतली निम्मी गंमत हातची निसटते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडच्या खेड्यांतील चर्चमध्ये मागच्या बाजूला एक लाकडी सज्जा असे आणि तिथे बसून गावातलेच लोक फिडल, क्लॅरिनेट, बासून अशा वाद्यांच्या साथीने चार आवाजांत स्तोत्रे गात असत. यांतले बहुतेक कारागीर आणि शेतकरी होते, आणि अनेक चाली त्यांनीच बांधलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्चच्या उपासनेत शिस्त आणि गांभीर्य आणण्याची चळवळ सुरू झाली, सज्जे काढले गेले, वाद्यवृंदांच्या जागी ऑर्गन आले, आणि या दणदणीत चालींना चर्चमध्ये जागा उरली नाही. बहुतेक प्रदेशांत त्या हळूहळू विस्मरणात गेल्या. शेफील्डच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील टेकड्यांमधल्या गावांनी मात्र त्या सोडल्या नाहीत; लोक ती गाणी घेऊन पबमध्ये गेले आणि तिथे ती आजही गायली जातात. डंगवर्थ गावातील ‘रॉयल हॉटेल’ आणि वॉरल गावातील ‘ब्लू बॉल’ ही यांतली प्रसिद्ध ठिकाणे. ११ नोव्हेंबरच्या युद्धविराम दिनानंतरच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत डंगवर्थला दर रविवारी दुपारी खोली माणसांनी खचाखच भरते, एक जण ऑर्गन वाजवतो आणि बाकीचे सगळे गातात. इयन रसेल या संगीत-अभ्यासकांनी कित्येक दशके या गायनाची नोंद ठेवली, स्वरलेखने प्रसिद्ध केली, आणि १९९४ पासून ग्रेनोसाइड येथे दर दोन वर्षांनी या ग्रामीण कॅरलांचा महोत्सवही भरू लागला.

एकाच पदाला किती चाली असू शकतात, हे या परंपरेत शिरल्यावर कळते. मेंढपाळांना देवदूत दिसल्याचा प्रसंग सांगणारे एक नाताळगीत नेहम टेट या कवीच्या नावावर आहे. ते १७०० साली स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत छापले गेले आणि अँग्लिकन चर्चमध्ये गायला मान्यता असलेले ते दीर्घकाळ एकमेव नाताळगीत होते. साहजिकच प्रत्येक गावाने त्याला आपापल्या चाली लावल्या. आपल्याकडे एकच अभंग पंढरीच्या वाटेवर एका दिंडीत एका चालीत आणि पुढच्या दिंडीत दुसऱ्या चालीत ऐकू येतो, आणि प्रत्येक भजनी मंडळाला आपलीच चाल मूळची वाटते, तसेच हे आहे. शेफील्डच्या आसपास एकाच बैठकीत हे शब्द तीन-चार वेळा वेगवेगळ्या चालींत गायले जातात आणि कोणालाही त्यात पुनरुक्ती वाटत नाही. रझ्बी यांच्या नाताळ अल्बमांमध्येही हे गीत निरनिराळ्या चालींत पुन्हा पुन्हा भेटते. त्यांतली एक चाल ‘क्रॅनब्रुक’ या नावाने ओळखली जाते. कँटरबरीच्या टॉमस क्लार्क या चांभाराने ती बांधली आणि १८०५ मध्ये ती छापली गेली. पुढे यॉर्कशरच्या लोकांनी हीच चाल उचलून तिच्यावर आपल्या प्रदेशाचे जणू राष्ट्रगीत असलेले एक विनोदी बोलीगीत बसवले. त्यामुळे मैफलीत ही चाल सुरू झाली की प्रेक्षागृहात एकदम ओळखीचे हसू पसरते, आणि दुसऱ्या कडव्यापासून लोक आपण होऊन गाऊ लागतात.

आता मैफलीविषयी. कार्यक्रमाचे दोन भाग असतात आणि मध्ये मध्यंतर. रझ्बी यांच्याभोवतीच्या वाद्यवृंदात गिटार, बेंजो, बुझुकी, डायटॉनिक अकॉर्डियन आणि डबल बास ही वाद्ये असतात. बेंजो आणि गिटार वाजवणारे डेमियन ओकेन हे उत्तर आयर्लंडचे आणि रझ्बी यांचे पती. आयरिश नाचाच्या गतींची त्यांची पकड इतकी घट्ट आहे की केवळ वाद्यांच्या तुकड्यांत त्यांच्याकडे लक्ष द्यावेच लागते. नाताळ दौऱ्याचे खरे वैशिष्ट्य मात्र या वाद्यवृंदाच्या मागे बसलेल्या पाच वादकांमध्ये आहे. कॉर्नेट आणि फ्लुगलहॉर्नपासून ट्यूबापर्यंतच्या पितळी वाद्यांचा हा संच एरवीच्या दौऱ्यांत क्वचितच दिसतो आणि नाताळात मात्र असतोच.

लोकसंगीताच्या मैफलीत पितळी वाद्ये कशाला, असा प्रश्न नवख्या श्रोत्याला पडू शकतो. त्याचे उत्तर या भागाच्या कोळशात आहे. बार्न्सलीच्या भोवतालच्या खाणगावांमध्ये प्रत्येक खाणीचा आपला बँड असे, खाणकामगार पाळी संपल्यावर तालमीला बसत, आणि नाताळात हे बँड गल्लीबोळांतून कॅरल वाजवत फिरत. १९१७ मध्ये सुरू झालेला ग्राइमथॉर्प कोलियरी बँड याच परिसरातला. १९८४-८५ च्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद पडल्या, ग्राइमथॉर्पची खाण १९९३ मध्ये बंद झाली, तरीही बँड वाजतच राहिले. त्यामुळे या प्रदेशातल्या माणसाच्या कानात नाताळचा आवाज म्हणजे फिडलबरोबरच कॉर्नेटचाही आवाज असतो. रझ्बी यांच्या मैफलीत जेव्हा एखादे कडवे फक्त गिटारवर सुरू होते आणि तिसऱ्या ओळीला मागून फ्लुगलहॉर्न आणि ट्यूबा हलकेच आत येतात, तेव्हा पब आणि खाण हे त्या गावांचे दोन्ही वारसे एकत्र ऐकू येतात. या जागेची स्वररचना फार विचारपूर्वक केलेली आहे: पितळी वाद्ये गायिकेच्या आवाजावर कधी चढत नाहीत, बरेचदा ती फक्त लांब स्वर धरून ठेवतात, आणि शेवटच्या कडव्यालाच काय तो त्यांना पूर्ण मोकळा श्वास मिळतो. माझ्या मते या संपूर्ण दौऱ्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच आहे, आणि ध्वनिमुद्रणापेक्षा ती प्रत्यक्षात कितीतरी अधिक भिडते.

रझ्बी यांचा आवाज मोठा नाही. तो मऊ, जवळून बोलल्यासारखा आणि थोडासा श्वासमिश्रित आहे, आणि बार्न्सलीची बोली त्या गाण्यातही लपवत नाहीत. इंग्रजी शिकताना आपण ज्या उच्चारांची सवय केली त्यांच्याहून हे उच्चार बरेच वेगळे असल्यामुळे मराठी श्रोत्याला पहिली काही मिनिटे शब्द पकडणे कठीण जाऊ शकते. कान एकदा रुळले की याच उच्चारांमुळे गाण्याला घराचा सूर लागतो. दोन गाण्यांच्या मधले त्यांचे बोलणे लांबते, कधी फार लांबते, पण त्यात गावाच्या, कुटुंबाच्या आणि गाण्यांच्या मुळाच्या गोष्टी असतात. केवळ संगीतासाठी गेलेल्या श्रोत्याला ते थोडे अधिक वाटेल. मला ते आवश्यक वाटते, कारण ही गाणी कोणाकडून आली हे सांगितल्याशिवाय गायची नाहीत, अशी त्या प्रदेशाची रीतच आहे.

या मैफलीबद्दल माझी एकच खरी तक्रार आहे आणि ती गायकांविषयी नसून मांडणीविषयी आहे. पबमध्ये या गाण्यांना श्रोता नसतो. भरलेल्या खोलीतले सगळे गातात. पुरुषांचा खालचा आवाज एका ओळीला पुढे धावतो, स्त्रियांचा वरचा आवाज तीच ओळ मागून उचलतो, आणि शेवटी सगळे एकत्र येऊन थांबतात. ‘डायडेम’ नावाची चाल याचे उत्तम उदाहरण आहे. जेम्स एलर या टोप्या बनवणाऱ्या कारागिराने ती १८३८ मध्ये बांधली, आणि तिच्या शेवटच्या ओळीतले तेच ते शब्द निरनिराळे आवाज एकमेकांवर इतक्या वेळा फेकतात की गाणाऱ्याला अक्षरशः दम लागतो. रझ्बी यांनी हे गीत आपल्या दुसऱ्या नाताळ अल्बमात घेतले आहे आणि ते सुंदर आहे, पण एक गायिका आणि दोन-तीन साथीचे आवाज यांच्यात त्याची ती धावपळ, ती खोली हादरवणारी गर्दी येऊ शकत नाही. प्रेक्षागृहात लोकांना काही ध्रुवपदे गायला सांगितली जातात आणि ते आनंदाने गातातही, मात्र प्रत्येकाला आपला सूर शोधायला वेळ मिळत नाही आणि बहुतेक जण मूळ चालच एका आवाजात गातात. मध्यंतरानंतर दोन गीते तरी अशी ठेवावीत की जिथे रंगमंच साथ करील आणि प्रेक्षागृह चार आवाजांत गाईल. उत्तर इंग्लंडमधल्या शहरांत तर हे सहज जमण्यासारखे आहे, कारण श्रोत्यांमध्ये चर्चच्या आणि पबच्या गायनात वाढलेली कितीतरी माणसे बसलेली असतात.

शेवटचा भाग खेळकर असतो. वाद्यवृंद शेवटच्या गाण्यांसाठी परत येतो तो विविध सोंगांचे कपडे घालून, आणि बार्न्सलीच्या एका काल्पनिक महावीराची, यॉर्कशरचा चहा पिऊन ताकद मिळवणाऱ्या ‘बिग ब्रेव्ह बिल’ची गाणीही अधूनमधून असतात. मुलांना हा भाग सर्वांत आवडतो. मोठ्यांपैकी ज्यांना गंभीर, जुनी गाणीच हवी असतात त्यांना तो थोडा बालिश वाटू शकेल, पण पबच्या त्या दुपारीही भक्तिगीतांच्या शेजारी हसवणारी गाणी नेहमीच असतात, तेव्हा त्याची इथली जागा योग्यच आहे.

अल्बमांविषयी माझे मत असे. पहिला ‘स्वीट बेल्स’ २००८ चा, दुसरा ‘व्हाइल मॉर्टल्स स्लीप’ २०११ चा, तिसरा ‘द फ्रॉस्ट इज ऑल ओव्हर’ २०१५ चा, चौथा ‘एंजल्स अँड मेन’ २०१७ चा, पाचवा ‘हॉली हेड’ २०१९ चा आणि सहावा ‘लाइट इयर्स’ २०२३ चा. पहिले दोन मला सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांत वाद्ये मोजकी आहेत आणि पितळी वाद्यांना श्वास घ्यायला जागा आहे. ‘स्वीट बेल्स’मध्ये परदेशात पोट भरायला गेलेल्या माणसाचे एक जुने गाणे आहे, वर्षअखेरीच्या रात्री त्याला स्वप्नात घर दिसते, दारात आईवडील दिसतात आणि गावातल्या घंटा ऐकू येतात. देशाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. नंतरच्या अल्बमांमध्ये मूग सिंथेसायझरचा खोल, गुंजणारा आवाज अधिक येतो. त्यामुळे गाण्यांना विस्तार मिळतो हे खरे, पण काही ठिकाणी त्या आवाजाच्या धुक्यात अकॉर्डियनची पाती बोथट होतात, आणि मला ते खटकते. ‘हॉली हेड’मधले कॉव्हेन्ट्रीचे प्राचीन अंगाईगीत मात्र याला अपवाद आहे. राजा हेरोदने मारायला काढलेल्या बाळांसाठी आयांनी गायलेल्या त्या गीताला तो खोल गुंजणारा आधार शोभून दिसतो.

तुलनेसाठी आणखी दोन वाद्यवृंदांचा उल्लेख करतो. स्टीलआय स्पॅन या लोक-रॉक वाद्यवृंदाच्या गायिका मॅडी प्रायर यांनी १९८४ पासून ‘कार्निव्हल बँड’बरोबर नाताळच्या मैफली केल्या आणि १९८७ मध्ये त्यांचा ‘अ टॅपेस्ट्री ऑफ कॅरल्स’ हा अल्बम आला. शॉम आणि कर्टल यांसारखी, आपल्या सनईच्या कुळातली जुनी वाद्ये तिथे गिटार आणि ड्रमच्या शेजारी बसतात, आणि चर्चच्या सज्ज्यांतला तो उघडा, काहीसा खरखरीत जोश रझ्बी यांच्यापेक्षा या मंडळींनी अधिक अचूक पकडला आहे. ज्यांना ऐतिहासिक वाद्यांची ओढ आहे त्यांनी आधी हा अल्बम ऐकावा. अ‍ॅश्ली हचिंग्ज आणि सायमन निकोल या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाच्या लोक-रॉक वाद्यवृंदाच्या संस्थापक सदस्यांचा ‘अल्बियन ख्रिसमस बँड’ गाण्यांच्या मधे गद्य उतारे वाचतो. चार जणांचा तो छोटा संच लहान सभागृहात फार रंगतो, पण त्यातले वाचन नीट कळायला इंग्रजी चांगले मुरलेले असावे लागते. कुटुंबातल्या सर्व वयांच्या माणसांना घेऊन एकाच कार्यक्रमाला जायचे असेल, तर मी रझ्बी यांचीच मैफल निवडीन.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. दौरा डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो आणि यॉर्कशरमधल्या तारखांची तिकिटे बरीच आधी संपतात, म्हणून उन्हाळा संपायच्या आत बेत ठरवावा. शक्य असेल तर शेफील्डचीच तारीख घ्यावी. १९३२ मध्ये उघडलेल्या शेफील्ड सिटी हॉलच्या मोठ्या सभागृहात दोन हजारांवर माणसे बसतात, आणि त्यांतली बरीच ही गाणी लहानपणापासून गात आलेली असतात, त्यामुळे तिथे प्रेक्षागृहाचा आवाज इतर शहरांपेक्षा भरदार लागतो. जागा पुढच्या रांगांपेक्षा वरच्या सज्ज्याच्या मध्यभागी घ्यावी. पितळी वाद्ये आणि तारवाद्ये तिथे एकजीव होऊन पोहोचतात. गाण्यांचा विषय ख्रिस्तजन्माचा असला तरी ती ऐकायला किंवा गायला कोणत्याही धर्माची अट नाही आणि कोणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. सात-आठ वर्षांपुढची मुले पूर्ण कार्यक्रम आनंदाने बसून ऐकू शकतात. आणि शेफील्डला मुक्काम असलाच, तर रविवारी दुपारी डंगवर्थला अवश्य जावे. तिथे लवकर पोहोचले नाही तर आत उभे राहायलाही जागा मिळत नाही, आणि गाणाऱ्यांच्या मधे उभे राहून बोलत राहणे तिथे कोणालाच रुचत नाही. मैफल आधी आणि पब नंतर, हा क्रम मी सुचवीन, कारण मैफलीत चाली ओळखीच्या होतात आणि मग पबमध्ये आपल्यालाही एखादा आवाज धरता येतो.

पुण्या-मुंबईत किंवा पणजीत बसून ऐकणाऱ्यांनी ‘व्हाइल मॉर्टल्स स्लीप’पासून सुरुवात करावी, आधी ‘क्रॅनब्रुक’ आणि मग ‘डायडेम’ ऐकावे, आणि त्यानंतर ‘स्वीट बेल्स’कडे यावे. २०२० मध्ये महासाथीमुळे दौरा होऊ शकला नाही, तेव्हा रझ्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॅपी हॉली डे’ या नावाने पूर्ण मैफल ऑनलाइन सादर केली आणि तिचे चित्रमुद्रणही पुढे प्रसिद्ध केले. रिकाम्या प्रेक्षागृहाचे सावट तिच्यावर आहे. तरीही कोणते वाद्य कुठे येते, पितळी वाद्ये केव्हा थांबतात आणि केव्हा आत शिरतात, हे पाहून समजून घ्यायला ती उपयोगी आहे, आणि ज्यांना इंग्लंडला येणे शक्य नाही त्यांच्यासाठी मैफलीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आज तरी तीच आहे.